तार न पोचलेला पट्टा

समोर एक जुना नकाशा पसरा. हाताशी नसेल तर मनात पसरा. तसाही तो सावकाशच उलगडायचा असतो. सर्व्हे ऑफ इंडियाचा, एका इंचाला एक मैल, ४७ जे या गटातला. आधी निळी रेघ शोधा. ती भीमा. उजव्या तीरावर दौंड तालुका, डाव्या तीरावर शिरूर आणि तिथंच वडगाव रासाई हे गाव. बोट टेकवू नका, बोटाचा घाम कागदाला लागतो. नुसती नजर ठेवा.

आता नजर दक्षिणेला न्या. यवत, केडगाव, पाटस, दौंड. हा लोहमार्ग. मग उत्तरेला, पुणे-नगर रस्त्याकडे. टेलिफोनच्या आधी तार आली. तिचे खांब बहुतेक रूळ आणि मोठे रस्ते धरून गेले, कारण तुटलेल्या तारेपर्यंत दुरुस्तीचा माणूस पोचला पाहिजे. या दोन रेघांच्या मधला पट्टा थोडा वेळ पाहत राहा. वडगाव रासाई त्याच पट्ट्यात आहे.

गावांच्या नावांशेजारी कुठे कुठे बारीक रोमन अक्षरं दिसतील. पीओ म्हणजे टपालघर, टीओ म्हणजे तारघर, पीटीओ म्हणजे दोन्ही. अशी गावं एकेक करून मनात वाचा. मग ज्यांच्याजवळ एकही अक्षर नाही, ती वाचा. दुसऱ्या वाचनाला फार वेळ लागतो. लागू द्या. त्या प्रत्येक नावाशी कुणीतरी दारात उभं आहे, आणि मुंबईला गिरणीत गेलेल्या मुलाची खुशाली कुणीतरी चालत येऊन सांगेल तेव्हाच त्याला कळणार आहे.

मुंबईत १८८२ साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. बेलला टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली, म्हणजे यंत्र आपल्याकडे आलं ते झपाट्यानंच. पुढची पावलं मात्र अडखळली. १९८४ साली सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था निघाली आणि तिनं उन्हाधुळीत, वातानुकूलनाशिवाय चालणारं १२८ पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज घडवलं. मधली शंभर वर्षं एका श्वासात ओलांडू नका. दोन-तीन श्वास तिथं थांबा.

त्या काळातले खांबांचे, केबलचे, घरोघरच्या जोडण्या वाटणाऱ्या डीपी बॉक्सचे आराखडे संग्राहकांना क्वचितच मिळतात. ते कामाचे कागद होते. नवी केबल पडली की जुना आराखडा रद्दीत. पुण्यात १९१० पासून भारत इतिहास संशोधक मंडळ मोडी कागद जपत आलं आहे. लाइनमनच्या पिशवीतल्या घडीला तो मान कोण देणार? माझ्या मते द्यायला हवा, कारण आवाज कुठवर पोचत होता याचा तेवढाच हिशेब उरला आहे.

असा कागद हाती आला तर सपाट ठेवा. चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर नकोच. ते पुन्हा निघत नाही. निळ्या छपाईचा आराखडा उन्हात विटतो, आणि इतर कागदांना मानवणारं अल्कधर्मी वेष्टणही त्याचा निळा रंग घालवतं. त्याला साधा, आम्ल नसलेला कागद द्या, आणि कसरीसाठी अधूनमधून उघडून पाहा.

आणि गावात एखादे म्हातारे लाइनमन असतील तर त्यांच्याजवळ बसा. खांब ओढ्याच्या कुठल्या अंगानं गेले होते, तार कुठे सारखी तुटायची, हे त्यांना विचारा. मधेच त्यांचं बोलणं तोडू नका. खुणा वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर करा, शिसपेन्सिलीनं. मूळ नकाशावर एक टिंबही नको. कोपऱ्यात त्यांचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहा.