मापाखाली ठेवलेला दिवा



आपल्या वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर चढवण्यात आले. त्यांनी श्रद्धा लपवली नाही. म्हणून आपण त्यांचा सण साजरा करतो.

पण त्याच नागासाकी परिसरात हजारो ख्रिस्ती लोकांनी श्रद्धा लपवली आणि ते जगले. त्यांना काय म्हणायचे? आम्ही यात्रेकरू सोतोमे भागातील ओनो गावी शिंतो देवळासमोर उभे होतो, तेव्हा हा प्रश्न आम्हांला टोचला.

ओनो हे समुद्राकाठचे डोंगराळ खेडे. १६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. इथले लोक वरकरणी बौद्ध झाले, गावच्या शिंतो देवळांच्या कारभारातही सामील झाले आणि त्याच देवळांत त्यांनी आपले श्रद्धेचे दैवत गुपचूप स्थापले. बाहेरून पाहणाऱ्याला ते गावकरी गावच्या देवापुढे वाकताना दिसत. अडीचशे वर्षे ना धर्मगुरू, ना मिस्सा. बाप्तिस्मा घरचीच माणसे देत. प्रार्थनेला ते 'ओराशो' म्हणत, क्रुसाला 'कुरुसु'. आपल्या आजीबाईंच्या तोंडचा 'कुरूस' आणि हा 'कुरुसु' एकाच पोर्तुगीज शब्दाची लेकरे!

दिवा लावून मापाखाली ठेवू नये, असे प्रभू सांगतो. मग हे लोक चुकले का? संत थॉमस अक्विनास इथे एक महत्त्वाचा भेद करतात. श्रद्धा बोलून दाखवणे हे प्रत्येक घडीला, प्रत्येक ठिकाणी बंधनकारक नाही. ती नाकारणे मात्र कधीच योग्य नाही. म्हणजे गप्प राहणे वेगळे आणि 'मी त्याला ओळखत नाही' म्हणणे वेगळे. सेमिनरीच्या वर्गात हा भेद सोपा वाटतो. ओनोच्या देवळात नुसते वाकणे हे मौन होते की नकार? बाहेरून कोणालाही ते ठरवता आले नसते, आणि आम्हीही ठरवू धजत नाही.

'फुमिए'बाबत मात्र शंका नाही. नागासाकीत लोकांना दरवर्षी ख्रिस्ताच्या किंवा मरियामातेच्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावत. तो उघड नकार होता. पाय ठेवून घरी आल्यावर ही माणसे 'कोंचिरिसान' म्हणत, म्हणजे परिपूर्ण पश्चात्तापाची प्रार्थना. पापनिवेदन ऐकायला कोणी नव्हते. १६०३ सालच्या एका छोट्या पुस्तिकेने ही वाट त्यांना शिकवली होती. आम्हांला यातच त्यांचे मोठेपण दिसते. 'नाइलाज होता, त्यात पाप कसले?' असे म्हणून ते मोकळे झाले नाहीत. भीतीपोटी केलेल्या गोष्टीला त्यांनी शहाणपणाचे नाव दिले नाही. पिढ्यान्‌पिढ्या ते रडले आणि मुलांनाही रडायला शिकवले. आपण मात्र ऑफिसात, लग्नघरात, चार लोकांत जरा अडचण झाली की श्रद्धा खिशात घालतो आणि रात्री शांत झोपतो.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये उराकामीचे काही गावकरी फ्रेंच धर्मगुरू पेतिजाँ यांच्याकडे आले. आमचे आणि तुमचे हृदय एकच आहे, असे त्यांनी हळूच सांगितले आणि सांता मारियाची मूर्ती कुठे आहे ते विचारले. पुढे छळ पुन्हा सुरू झाला. उराकामीच्या ३,००० हून अधिक लोकांना हद्दपार केले गेले, त्यांतले ६०० हून अधिक दगावले. १८७३ साली बंदीचे फलक उतरले. लपून राहिलेल्यांच्याच नातवंडांनी या वेळी लपायचे नाकारले होते.

सगळेच ख्रिस्तसभेत परतले नाहीत. काहींनी वाडवडिलांची गुप्त रीतच पुढे चालवली. ओनोपासून थोड्याच अंतरावर झाडीत कारेमात्सुचे छोटे देऊळ आहे. सान जिवान नावाच्या धर्मगुरूचे ते स्थान, असे परंपरा सांगते. जवळच्या मोठ्या खडकाच्या आडोशाला लोक उपवासकाळात रात्री जमून ओराशो पाठ करीत. २००० सालापासून तिथे कॅथलिक, ती गुप्त रीत पाळणारे आणि बौद्ध शेजारी एकत्र येऊन प्रार्थना करू लागले.

आम्ही त्या देवळापुढे हात जोडले का, असे काहींनी विचारले. आम्ही टोप्या काढल्या, मान लववली आणि त्या खडकापाशी 'नमो मरिये' म्हटली, मराठीत, मोठ्याने. पहारेकरी कोणी नव्हता.

येत्या संत गोन्सालोंच्या सणाच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत एक विनंती ओनोच्या त्या निनावी लोकांसाठी असेल. ती वाचायला ज्यांना आवडेल, त्यांनी रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर भेटावे.