खर्डा जिंकल्यावर पेशवा हिरमुसला का?

11 मार्च 1795. जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याजवळ मराठ्यांशी लढाईला तोंड लागले न लागले तोच हैदराबादच्या निजामअलीने रात्री माघार घेतली आणि तिथल्या लहानशा किल्ल्याचा आसरा धरला. मराठ्यांनी कोंडी केली, दाणापाणी तुटले, निजाम तहाला आला. दौलताबादचा किल्ला, परांड्यापर्यंतचा मुलूख, तीन कोटी रुपये आणि वर खुद्द दिवाण मुशीरुल्मुल्क, एवढे त्याने देऊ केले. शिंदे, होळकर, नागपूरकर भोसले, पटवर्धन हे सगळे पेशव्याच्या जरीपटक्याखाली एकत्र आले ते इथे शेवटचे. छावणीत जल्लोष झाला नसता तरच नवल.

पेशवा सवाई माधवराव मात्र खिन्न होता. वय वीस. ब्रिटिश इतिहासकार ग्रँट डफने नोंदवले आहे की कारभारी नाना फडणविसांनी कारण विचारताच तो म्हणाला, शत्रूने इतकी लाजिरवाणी शरणागती पत्करावी आणि आपल्या शिपायांनी न झगडता मिळालेल्या जयाच्या बढाया माराव्यात, याचे वाईट वाटते. डफ काही पेशव्यांचा भाट नव्हे, म्हणून ही नोंद सहज झटकता येत नाही.

आता या पोराला काय कमी होते? जन्मल्यानंतर चाळिसाव्या दिवशीच पेशवाईची वस्त्रे मिळालेली. पण कारभार नानांचा, फौज सरदारांची. आणि खर्ड्याचा जय तर, त्याच्याच मते, कुणीच कमावलेला नव्हता.

न कमावता हाती आलेले माणसाला कितपत सुखावते? 1978 साली अमेरिकेत ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी लॉटरी लागलेल्या 22 जणांची इतरांशी तुलना केली. लॉटरीवाले फारसे अधिक सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी यांसारख्या रोजच्या गोष्टींतली त्यांची गोडी इतरांपेक्षा कमी भरली. पाहणी छोटी होती, तिच्यावर इमले बांधू नयेत. तरी आयते घबाड रोजच्या घासाची चव घालवते, हे पटायला जड नाही.

या पेशव्याचा जीव रमायचा तो पर्वतीच्या पायथ्याच्या शिकारखान्यात. तिथे सिंह होते, गेंडा होता, नाचायला शिकवलेली हरणे होती. हरणांवर त्याचा विशेष लोभ. पुढे त्याच परिसरात पेशवे पार्क झाले. इंग्रज वकील मॅलेटच्या पदरी असलेल्या गंगाराम तांबट या चित्रकाराने 1790 मध्ये पेशव्यांच्या गेंड्याचे चित्र काढले. अंगावरच्या ढालीसारख्या घड्या, जाड कातडी, आखूड पाय, सगळे समोर बघून टिपायचे. वेरूळची लेणीही त्याने अशीच कागदावर उतरवली. हातातल्या कामात असे बुडून जाण्यावर चिकसेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने 1990 साली अख्खा ग्रंथ लिहिला. गंगारामला या कामाचे पैसे मिळत असणार, पण गेंड्याची घडी न् घडी टिपणारा माणूस नुसत्या पगारावर नजर ठेवून बसला असेल, असे चित्र पाहून तरी वाटत नाही.

पेशव्याच्या वाट्याला असे स्वतःचे काम आलेच नाही. ऑक्टोबर 1795 मध्ये शनिवारवाड्यात वरून पडून तो गेला. अपघात की आत्महत्या, हा वाद अजून मिटलेला नाही. पुढच्याच वर्षी, वारसाच्या भांडणात निजामाची मदत हवी म्हणून, नानांनी महाडच्या करारात खर्ड्याला मिळवलेले बहुतेक सगळे परत देऊ केले. खर्ड्यात मात्र विजय अजून साजरा होतो: 2021 च्या दसऱ्याला किल्ल्यापाशी 74 मीटर उंच भगवा ध्वज उभारला गेला.