अध्याय मिटल्यावर

तिसगाव परिसरात हरिनाम सप्ताह बसला की गावाची सकाळ काकड्याने उजाडते आणि पाठोपाठ ज्ञानेश्वरीचं पारायण सुरू होतं. व्यासपीठ चालक ओवी उचलतात, वाचक ती झेलतात आणि मंडपातले सगळे आवाज एका लयीत पुढे सरकतात. नऊ हजारांवर ओव्या सात दिवसांत पुऱ्या करायच्या, म्हणजे दिवसाला तेराशेच्या घरात. या वेगाचं मोल मोठं आहे. एरवी ज्याच्या हातून पोथी उघडली गेली नसती, तोही चार माणसांच्या आवाजाला आवाज जोडून अठरा अध्याय पार करतो. पण पोथी बांधून ठेवताना कुणी विचारलं, 'आज माउलींनी काय सांगितलं?' तर उत्तर चटकन येत नाही. वाचलेलं असतं मनापासून, सांगता मात्र येत नाही.

खरं तर गीतेचा पहिला श्रोता असा गप्प राहिलेला नाही. दुसरा अध्याय संपतो आणि तिसऱ्याच्या आरंभी अर्जुन आपल्याला काय कळलं ते बोलून दाखवतो: कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ असं तुम्ही म्हणता, मग मला या घोर कर्मात का लोटता? पाचव्याच्या आरंभी पुन्हा तेच. संन्यासही चांगला म्हणता आणि कर्मयोगही चांगला म्हणता, तेव्हा दोन्हींतलं बरं ते एकच निश्चित सांगा. दोन्ही वेळा त्याने आधी झालेल्या बोलण्याचं सार सांगितलं आणि मग आपली अडचण मांडली. ते सार अर्धवट होतं. दुसऱ्या अध्यायात याहून पुष्कळ काही होतं. पण त्याला जेवढं कळलं तेवढं तो बोलला, म्हणून तिसरा अध्याय उभा राहिला. तो नुसता मान डोलवत बसला असता, तर पुढचं सांगायला कारणच उरलं नसतं.

याच आपल्या जिल्ह्यात, नेवाशाला, शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. दहाव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव काय करतात ते सावकाश पाहण्यासारखं आहे. सद्गुरूंना वंदन झाल्यावर ते क्षणभर मागे वळतात आणि झालेल्या अध्यायांचा गोषवारा देतात. पहिल्यात अर्जुनाचा विषाद, दुसऱ्यात सांख्य आणि योग, तिसऱ्यात कर्म, चौथ्यात तेच कर्म ज्ञानासह, पाचव्यात योगाचं गूढ. दोन-तीन अध्यायांची अशी वाट एकेका ओवीत उरकली जाते. तेच ज्ञानदेव तेराव्या अध्यायात 'अहिंसा' या एका लक्षणापाशी थांबतात, तेव्हा शंभराच्या आसपास ओव्या खर्ची घालतात. पाऊल कसं टाकावं, नजर कशी असावी, बोलणं कसं असावं, इथपर्यंत ते जातात. जिथे सार पुरतं तिथे सार आणि जिथे जीव गुंतला तिथे विस्तार. दोन्ही एकाच लेखणीतून येतं, कारण ज्याला अध्याय थोडक्यात सांगता येतो, त्यालाच त्यात कुठे थांबायचं हे कळतं.

आपल्या पोथ्या रचणाऱ्यांनाही वाचकाची ही गरज ठाऊक होती. तिसगावजवळच्या मढीला कानिफनाथांची समाधी आहे आणि या भागात 'नवनाथ भक्तिसार' घरोघर वाचला जातो. मालू कवीच्या या ग्रंथाचा शेवटचा, चाळिसावा अध्याय मागच्या अध्यायांत काय काय आलं ते क्रमाने सांगतो आणि कशाच्या वाचनाचं काय फळ तेही सांगतो. गुरुचरित्राच्या शेवटीही अवतरणिका आहेच. वाचून झालं की मागे वळून पाहायचं, ही शिकवण पोथीतच घालून दिलेली आहे. आपण ती फळापुरती वाचतो आणि पोथी देव्हाऱ्यात ठेवतो.

अलीकडच्या काळातलं उदाहरण धुळ्याच्या तुरुंगातलं आहे. 21 फेब्रुवारी 1932 ते 19 जून 1932, सलग अठरा रविवार. दर रविवारी विनोबा एका अध्यायावर बोलले आणि समोर बसलेल्या साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. 'गीता प्रवचने' हे पुस्तक असं तयार झालं. पहिल्या अध्यायावर बोलताना विनोबांनी एका न्यायाधीशाची गोष्ट सांगितली. शेकडो गुन्हेगारांना फाशी सुनावलेला हा न्यायाधीश, स्वतःचा मुलगा आरोपी म्हणून समोर आला तेव्हा फाशीची शिक्षाच कशी अमानुष आहे हे सांगू लागला. अर्जुनाचं दुःख हिंसेबद्दल नव्हतं, आपल्या माणसांबद्दल होतं, हा पहिल्या अध्यायाचा गाभा त्या एका गोष्टीत येतो. ऐकणाऱ्याला ती तिथेच सोडत नाही, कारण आपलं माणूस समोर आलं की आपलीही तत्त्वं बदलतात, हे ज्याचं त्याला आठवतं.

एका बैठकीला एकच अध्याय, हे प्रमाण मला फार मोलाचं वाटतं. अख्ख्या पुस्तकाविषयी विचारलं की 'छान आहे' एवढं म्हणून सुटता येतं. एका अध्यायाविषयी असं सुटता येत नाही. तो हाताच्या कवेत मावतो. त्यात काय आलं आणि काय आलं नाही, हे नेमकं सांगावं लागतं. शिवाय पुढे काय येणार हे ठाऊक नसताना आपण बोललेलो असतो. पाचव्या अध्यायापाशी जे पटलं नव्हतं ते बाराव्यापाशी पटतं, किंवा आधी पटलेलं नंतर सुटतं. आपलं मन कुठून कुठे आलं हे अशा टिपणांतून दिसतं. पुस्तक संपल्यावर एकदाच दिलेल्या अभिप्रायात ही वाटचाल हरवून जाते.

यात क्रम मात्र पाळावा लागतो. आधी लेखक काय म्हणाला ते सांगायचं. तेही असं, की लेखक ऐकत असता तर 'होय, हेच म्हणालो' असं त्याने म्हटलं असतं. मग आपलं म्हणणं. आपल्याला घाई असते दुसऱ्या गोष्टीची. निम्मं ऐकून मत देण्याची सवय घरात, ग्रामसभेत, सगळीकडे लागलेली आहे. समोरच्याचं बोलणं त्याला मान्य होईल असं सांगून दाखवायचं आणि मगच उत्तर द्यायचं, हा नेम पुस्तकावर पाळता आला, तर तो माणसांशीही पाळता येईल. सासू-सुनेत, बाप-लेकात, बांधावरून भांडणाऱ्या भावाभावांत हा नेम पाळला गेला, तर निम्मी भांडणं बोलण्यातच मिटतील, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून एक सुचवावंसं वाटतं. पुढच्या सप्ताहात पारायण झाल्यावर मंडपातच थोडा वेळ राखून ठेवावा. रोज एकाने उठून त्या दिवशीच्या एका अध्यायात काय सांगितलं ते आपल्या बोलीत चार वाक्यांत सांगावं आणि आपल्याला काय पटलं, कुठे अडलं तेही सांगावं. आज शाळेतल्या मुलीने सांगावं, उद्या ऊसतोडीहून परतलेल्या माणसाने. चुकलं तर महाराज सांभाळून घेतील. सांगणारा पंडित असण्याची गरज नाही. अर्जुनही अर्धवट समजूनच बोलला होता. आणि सप्ताहाची वाट कशाला पाहायची? आज जे पुस्तक हातात असेल, त्याचा एक अध्याय वाचावा, मिटावा आणि घरातल्या कुणाला तरी सांगावा. सांगताना जिथे अडखळू, तिथून उद्याचं वाचन सुरू करावं.