वतन नाकारणारा गायक

ज्या गायकाची कीर्ती विशीतच, आणि तीही कंठाच्या अत्युच्च टोकावर, सिद्ध झाली, त्याने उरलेल्या आयुष्यात गावे तरी काय, हा प्रश्न रॉक संगीताच्या पहिल्या पिढीपुढे फार निष्ठुरपणे उभा राहिला. कारण आपल्या रागदारीत वयाबरोबर येणारी प्रगल्भता हा गायकाचा अलंकार मानला जातो, तर रॉकमध्ये तारुण्याचा उन्माद हाच गाण्याचा आशय समजला जातो. बहुतेकांनी यावर सोपा तोडगा काढला: पूर्वकीर्तीचे वतन वहिवाटावे, आणि तीच गाणी त्याच आवेशाने, जमेल तोवर, म्हणत राहावे. श्रोत्यांचीही त्यास ना नसते.

रॉबर्ट प्लँटने हे वतन नाकारले. १९६८ मध्ये, विसाव्या वर्षी, तो ‘लेड झेपेलिन’ या रॉक वाद्यवृंदाचा गायक झाला. १९८० च्या सप्टेंबरात ढोलवादक जॉन बोनहॅम मरण पावला आणि डिसेंबरात उरलेल्या तिघांनी वाद्यवृंदच विसर्जित केला, तेव्हा प्लँट अवघा बत्तीस वर्षांचा होता. पुढे १० डिसेंबर २००७ रोजी लंडनमध्ये बोनहॅमच्या मुलास ढोलावर बसवून तिघे एका रात्रीपुरते एकत्र आले. अनेक गीते खालच्या पट्टीत उतरवून घेतली होती, तरी मैफल रंगली, आणि जगभर फिरण्याचा तगादा लागला. प्लँट बधला नाही. ॲलिसन क्राउस या अमेरिकन गायिकेसमवेत काढलेली ‘रेझिंग सँड’ ही ध्वनिमुद्रिका त्याच सुमारास प्रसिद्ध झाली होती, तीतील गाणी घेऊन तो निघून गेला. एके काळी ज्याच्या आरोळीपुढे गिटारही दबून जाई, तो येथे दुसऱ्याच्या स्वराला आधार देत, जवळजवळ कुजबुजत गातो. २००९ मध्ये ‘रेझिंग सँड’ला वर्षातील सर्वोत्तम ध्वनिमुद्रिकेचे ग्रॅमी मिळाले.

याला कृतघ्नता म्हणणारे रसिक आहेत. परंतु हे वतन तरी निखालस स्वकष्टार्जित कोठे होते? झेपेलिनच्या गाजलेल्या एका गीतातील शब्दांवरून शिकागोचा ब्लूज गीतकार विली डिक्सन याने १९८५ मध्ये दावा लावला, आणि दोन वर्षांनी तो आपसात मिटवावा लागला. डिक्सनसारख्या कृष्णवर्णीय कलावंतांकडून इतके उचलणाऱ्याने पुढे आयुष्यभर शिकाऊ उमेदवारासारखे मूळ स्थाने शोधीत हिंडावे, यात मला परतफेडीची जाणीव दिसते. ती परतफेड हेतुपूर्वक होती, असा माझा दावा नाही. १९७२ मध्येच तो आणि झेपेलिनचा गिटारवादक जिमी पेज यांनी मुंबईत स्थानिक वादकांना घेऊन आपली दोन गीते नव्याने मुद्रित केली होती. ते मुद्रण अधिकृतपणे बाहेर पडण्यास २०१५ साल उजाडले. १९९४ मध्ये दोघे मोरोक्कोच्या वादकांबरोबर बसले. २००३ मध्ये प्लँट मालीच्या वाळवंटातील संगीतमहोत्सवात गायला.

या भटकंतीचे प्रत्येक फळ गोड निघाले असे नव्हे. ऐंशीच्या दशकातील त्याच्या काही ध्वनिमुद्रिका तत्कालीन यांत्रिक वाद्यांच्या हौसेपायी आज निस्तेज वाटतात, हे त्याच्या चाहत्यांनीही कबूल करावे. पण फसण्याची ही मुभा वतनदारास नसते. त्याला जुन्या दस्तऐवजाबरहुकूमच गावे लागते. प्लँट जुनी गीते गातो, परंतु चाल, लय आणि पट्टी बदलून, जणू ती दुसऱ्या कोणाची असावीत अशा अलिप्ततेने. आणि सत्याहत्तराव्या वर्षी, २०२५ मध्ये, ‘सेव्हिंग ग्रेस’ या लहानशा मंडळीबरोबर त्याने जी ध्वनिमुद्रिका काढली, तीत तर सारी इतरांचीच गीते आहेत.