मद्य, भोजन आणि रसिकाचा अधिकार

रसाची कल्पना भरताने भोजनाच्या दृष्टान्ताने मांडली, हे मराठी समीक्षा बहुधा अलंकारापुरतेच लक्षात ठेवते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायातील सुमनस पुरुष नाना व्यंजनांनी संस्कारित अन्न खाताना रस आस्वादतो, हर्ष पावतो. बोर्दोची भारदस्त तांबडी वाइन मटणासोबत घेणाऱ्याचा अनुभव याच जातीचा आहे. नुसत्या घोटात जीभ आवळणारे टॅनिन मांसातील प्रथिनांच्या आणि स्निग्धतेच्या संयोगाने मवाळते. ही चव एकट्या पेल्यात सापडत नाही. कांटने 1790 मध्ये मद्याची चव 'मला सुखद' एवढ्यावरच थांबवली होती. उलट ह्यूमने 1757 च्या निबंधात लोखंडाची आणि चामड्याची पुसट चव ओळखणाऱ्या दोघांची कथा सांगितली. पिंपाच्या तळाशी चामडी पट्ट्याची किल्ली निघेपर्यंत त्यांचे हसेच झाले होते.

परंतु किल्ली शोधण्याचे कष्ट कोणाच्या जिभेसाठी घेतले जातात? राजूर ही अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातील बाजारपेठ. सह्याद्रीतील अशा मुलखात नागलीच्या भाकरीशेजारी मोहाची दारू आली, की ती 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या भाषेत शिरते, रसचर्चेच्या नव्हे. जानेवारी 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तो द्राक्षबागायतदारांच्या हिताचे कारण देऊन. याच जिल्ह्यातील अण्णा हजारे यांनी त्याला विरोध केला.

अर्थात मोहाला रसिकतेचे प्रमाणपत्र देऊन प्रश्न मिटत नाही. दारूने ज्या घराची धूळधाण केली, तेथे भाकरी थापणाऱ्या बाईला हा गंध निव्वळ आस्वादाचा विषय कसा व्हावा? भरताच्या दृष्टान्तात जेवणारा आहे. रांधणारीचा हर्ष तेथे विचारलेला नाही.