पणजीचं माहेरचं नाव

मित्रांनो, एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या बापाच्या आज्याचं नाव सांगा. बरेच जण सांगतील. वतनाचं भांडण, जमिनीचा उतारा, शाळेचा दाखला, कुठं ना कुठं ते नाव निघतंच. आता आईच्या आजीचं नाव सांगा. आणि ते सांगितलंत तर तिचं लग्नाआधीचं नाव सांगा. तिच्या बापाचं नाव काय, आडनाव काय, घराणं कोणतं? इथं सगळे गप्प होतात. जयंतीला स्टेजवरून "आमचा इतिहास पुसला" म्हणून गरजणारा कार्यकर्तासुद्धा गप्प होतो.

इतिहास पुसला हे खरंच आहे. पण आपल्याच घरातला अर्धा इतिहास कुणी पुसला? तो शोधायचा का? शोधायचा तर कुठवर आणि कुणाच्या हक्कानं? मला हा प्रश्न नीतीचा वाटतो, म्हणून तो इथं मांडतोय.

आपल्या जिल्ह्यापासूनच सुरू करू. धाराशिव निजामाच्या राज्यात होतं हे शेंबडं पोरगंही सांगतं. पण १८५३ ते १८६० अशी सात वर्षं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडं होता. निजामानं देण्यापायी तो तोडून दिला होता. तिथला कारभार बघायला फिलिप मेडोज टेलर आला. ठगांवर कादंबरी लिहून नाव कमावलेला तोच हा टेलर. त्याची बायको मेरी पामर, म्हंजे हैदराबादचा सावकार विल्यम पामर याची लेक. ह्या सावकाराची आई इंग्रज नव्हती. तिचं नाव फैज बख्श. तिचा जोडीदार जनरल विल्यम पामर १७९८ ते १८०१ पुण्याला कंपनीचा रेसिडेंट होता. म्हंजे नळदुर्गच्या साहेबाच्या पोरींची पणजी हिंदुस्थानी बाई होती.

ही पणजी शोधायला फार खणावं लागत नाही. १७८६च्या सुमाराचं पामर कुटुंबाचं एक मोठं चित्र आहे. त्यात ती नवऱ्याशेजारी पोरंबाळं घेऊन बसलीय. दिल्लीच्या बादशहानं तिला 'साहेब बेगम' हा किताब दिला होता. १८१६ला जनरल मेला, तेव्हा मृत्युपत्रात त्यानं तिला पस्तीस वर्षांहून जास्त काळाची सोबतीण म्हटलं आणि नावानिशी म्हटलं. कंपनीच्या कितीतरी गोऱ्यांच्या मृत्युपत्रांत असल्या बाईची ओळख 'पोरांची आई' एवढीच असते. त्या मानानं फैज बख्श नशिबाची. तरी तिच्या माहेराभोवतीही गोष्टी पसरल्याच. कुणी तिला दिल्लीच्या राजघराण्यातली केली, कुणी अवधच्या. वंशावळ शोधणाऱ्याला पणजी राजवाड्यातलीच पाहिजे असते. दळण दळणारी कुणाला सापडत नाही, कारण तशी कुणाला नकोच असते.

ह्याच टेलरनं १८६३ साली 'तारा' नावाची कादंबरी लिहिली. नायिका तुळजापूरची, ब्राह्मणाची पोर, बाप शास्त्री. विचार करा, कागदावर कल्पनेनं काढलेल्या बाईला नाव मिळालं, गाव मिळालं, बाप मिळाला, बापाची विद्यासुद्धा मिळाली. त्याच मुलखात हाडामांसाच्या आमच्या पणज्या जगत होत्या. त्यांना ह्यातलं काय मिळालं?

गाव मिळालं, एवढंच. आपल्याकडं सासरी आलेल्या बाईला माहेरच्या गावावरून हाक मारतात. अणदूरची ती अणदूरकरीण, काटीची ती काटीकरीण. माझी पणजी अणदूरकरीण. आजीला विचारलं, "तुझ्या आईचं नाव काय गं?" ती म्हणाली, "आई म्हन्तो आमी. गाव अनदूरकरीन म्हनायचं." "आणि खरं नाव?" "आता कोन सांगंल? ज्यांनी ठिवलं ती गेली." लग्नात नाव बदलायची रीत असेल तर एका बाईला दोन नावं असतात. पहिलं सासरी कुणी घेत नाही. दुसरं नवरा घेत नाही, पोरं घेत नाहीत. राहता राहिलं ते गाव.

हे आपल्याच घरात झालं असं नाही. १९५१-५२च्या पहिल्या निवडणुकीत देशभरात सुमारे २८ लाख बाया मतदार यादीतून गळाल्या. त्यात बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच त्यांनी लिहून दिलं होतं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी असल्या नोंदी मानायला नकार दिला. बाबासाहेबांनी घटनेत एका माणसाला एक मत दिलं, पण ते मत घ्यायलाही स्वतःचं नाव लागतं. नाव म्हंजे पाटीवरची अक्षरं नव्हेत. ज्याला नाव नाही त्याचा हक्क कुणाच्या खात्यावर टाकणार?

आता मुद्द्याला हात घालतो. ९ मे १९१६ला कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या बाबासाहेबांनी जातीवर निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यानं, आणि ते टिकवायला बाईला कोंडावं लागतं. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ह्या त्या कोंडण्याच्या तऱ्हा, असं त्यांनी दाखवून दिलं. हे समजून घेतलं की एक चमत्कारिक गोष्ट दिसते. जातीला बाईचं माहेर पक्कं ठाऊक पाहिजे. सोयरीक जुळवताना मामाचं कूळ, आजोळ, पाहुणेरावळे सगळं खोदून विचारतात. मात्र एकदा अक्षता पडल्या की त्या माहेरचं नाव कुणी लिहून ठेवत नाही. जातीला तिचं कूळ हवं असतं. बाई नको असते. बियाणं पारखून घ्यायचं आणि पिशवी फेकून द्यायची, तसं हे.

काही मित्र म्हणतील, "आपण बौद्ध झालो. १४ ऑक्टोबर १९५६ला जुनं सगळं टाकलं. आता कूळ कशाला उकरायचं? ही तर मनूचीच हौस." आक्षेप खरा आहे. पण कूळ शोधणं आणि माणूस शोधणं ह्यात फरक आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात भिवा रामजी आंबेडकर ही नोंद झाली. त्या दिवसाला आज आपण विद्यार्थी दिवस म्हणतो. एका नोंदीचं मोल आपल्याला कळतं. मग भीमाई मुरबाडकरांची लेक आणि रमाई वणंदच्या भिकू धुत्रेंची लेक, हे किती जणांना सांगता येतं? माईसाहेबांचं शारदा कबीर हे नाव मात्र पुष्कळांना पाठ आहे. ते पाठ असावंच. पण डॉक्टर झालेल्या बाईचं माहेर लक्षात राहतं आणि गोवऱ्या थापणाऱ्या रमाईचं राहत नाही, हे आपल्या नजरेबद्दलही काही सांगतं.

म्हणून माझं म्हणणं असं की शोधलं पाहिजे. पण शोधायलाही नीती पाहिजे, आणि ती मला तीन गोष्टींत दिसते.

पहिली गोष्ट, खोटं नाव नको. मी सूतगिरणीत काम करतो. धागा तुटला की सांधावा लागतो. पण चाळीसच्या सुताला वीसचं सूत सांधलं तर मशीन थांबत नाही, दोष पुढं कापडात दिसतो. अंदाजानं ठेवलेलं नाव असंच असतं. बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मुळावर १९४८ साली ग्रंथ लिहिला. इतिहासातले दुवे तुटलेले असतील तर अभ्यासकानं कल्पना आणि अंतर्ज्ञान वापरावं का, ह्याची चर्चा त्यांनी प्रस्तावनेत केलीय. वापरावं, पण तर्काला धरून आणि उघडपणे, असा तो विचार आहे. समाजाच्या इतिहासाला हे लागू पडतं. एका बाईच्या नावाला पडत नाही. समाज कसा घडला ह्याबद्दल सिद्धांत मांडता येतो. पणजीला हाक कोणती मारत होते ह्याबद्दल सिद्धांत मांडता येत नाही. ते सापडतं तरी, नाहीतर जागा मोकळी राहते. ती मोकळी जागासुद्धा पुरावाच आहे.

दुसरी गोष्ट, राजवाडा शोधायला जाऊ नका. आपणही राजवंशाचे होतो, हे ऐकायला गोड लागतं. पण पणजी शेण काढत होती म्हणून ती कमी होत नाही, आणि राणी निघाली म्हणून आपण मोठे होत नाही. माणसाची किंमत जन्मावर नाही, हे आपणच जगाला सांगतो ना?

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. समजा एखादी पणजी देवाला सोडलेली मुरळी होती. ती पळाली, दुसऱ्या गावी संसार थाटला, माहेरचं नाव स्वतःच्या हातानं टाकलं. ते नाव कुणी हिसकावलं नव्हतं. टाकणं हाच तिचा विद्रोह होता. अशा बाईचं नाव उकरून चारचौघांत वाचायचा आपल्याला काय अधिकार? छप्पन्न साली आपल्या माणसांनीही जुनी ओळख टाकली. ती कुणी मुद्दाम तोंडावर फेकली की आपल्याला राग येतो, तसाच तिलाही आला असता. म्हणून कसोटी अशी ठेवावी: जे हिसकावलं ते परत आणायचं आणि जे तिनं फेकलं ते तिथंच राहू द्यायचं. कोणतं ते कळत नसेल तर घरात ठेवा, छापू नका.

सरकारी दप्तरं आता पुन्हा उघडली गेलीत. २०२३ला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी निजामाच्या काळातले उर्दू नि मोडी कागद वाचायला घेतले. तिथं शोधली जाते ती बापाकडची साखळी. आपल्यालाही दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा लागतो, तोही बापाकडच्या नात्यातला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या पोरांच्या नावात आईचं नाव लावणं महाराष्ट्रात सक्तीचं झालं. चांगली गोष्ट आहे, पण ती पुढच्या पिढ्यांसाठी. मागच्या बायांचं कोण करणार?

रस्ता नाही असं नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून ह्या दोघींनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बाया शोधल्या, त्यांच्या तोंडून ऐकलं आणि १९८९ला 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक दिलं. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ ह्यांच्या कामातून जात्यावरच्या लाखभर ओव्या जमल्या. त्या गाणाऱ्या बायांनी माहेर ओव्यांतच जपून ठेवलंय. गावचं कोतवाल बुक आहे, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर आहे. आणि सगळ्यात आधी म्हातारी माणसं आहेत. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ला कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदार परिषदेला बाबासाहेब आले होते. त्या वर्षी आईच्या कडेवर असलेली पोरं आज पंच्याऐंशीच्या घरात आहेत. आणखी पाच-दहा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, येत्या जयंतीला वर्गणीची वही काढाल तेव्हा दोन रकाने जास्त आखा: आजीचं नाव आणि आजीचं माहेर. घरोघर जाताय तर पावती फाडून लगेच उठू नका. म्हातारीजवळ बसा. तिच्या आईचं नाव विचारा, अंदाज करू नका, ती सांगेल तसं लिहा. ती "लिहू नगंस" म्हणाली तर पेन खिशात ठेवा. ठाऊक नसेल तिथं 'ठाऊक नाही' लिहा आणि पुढं गाव घाला.

माझ्या घरापुढं सध्या एवढंच लिहिलंय: पणजी, नाव ठाऊक नाही, माहेर अणदूर.

जय भीम.