वसईची घंटा, नागासाकीची घंटा

वसईच्या किल्ल्यात संत जोसेफ चर्चचा मनोरा अजून उभा आहे. छप्पर केव्हाच गेले, पण मनोऱ्याच्या पोटातला वळणाचा दगडी जिना टिकून आहे. तो मी अनेकदा चढलो आहे. अंग चोरून चढावे लागते, खांदा भिंतीला घासतो, अंधारात पुढची पायरी हाताने चाचपावी लागते. वर पोचले की एकदम वारा लागतो. खाली ताडांचे शेंडे, पलीकडे खाडी, खाडीत कोळ्यांच्या होड्या. मनोऱ्याला कमानी आहेत आणि कमानी रिकाम्या आहेत. घंटा असायची तिथून आता आभाळ दिसते.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने हा किल्ला घेतला आणि वसईच्या घंटा घाट चढून देशावर गेल्या. एक भीमाशंकरला आहे, तिच्यावर १७२९ हे साल कोरलेले आहे. एक नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळात आहे, १७२१ ची. एक वाईजवळ मेणवलीला, १७०७ ची. मिस्सासाठी ओतलेल्या घंटा आरतीलाही तितक्याच मोकळ्या आवाजात वाजल्या. किल्ला खाली करण्याच्या कलमांत एक गोष्ट फार बोलकी आहे. हरलेल्या पोर्तुगीज शिबंदीला हत्यारांसह, निशाणे फडकवत, ढोल वाजवत बाहेर पडण्याची मुभा होती. लढाई सुरू करायला वाद्य लागते, ती संपवायलाही लागते. मधल्या काळात तटाखाली हजारो माणसे पडली. त्यांच्यासाठी कोणते वाद्य वाजले, हा प्रश्न त्या रिकाम्या कमानीपाशी उभे राहिले की हमखास मनात येतो.

मराठीपुरते बोलायचे तर हा प्रश्न अवघड आहे, कारण आपले सर्वांत बलदंड गाणे युद्धाच्याच पोटी जन्मले. अफजलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचलेला पोवाडा हा आपल्या शाहिरीचा पाया. डफावर थाप पडली, तुणतुण्याची तार झणाणली की ऐकणाऱ्याचा हात आपोआप कमरेच्या तलवारीकडे जावा, यासाठीच तो घाट घडला. पराक्रम गाणाऱ्या या परंपरेत शोकाला जागा थोडी होती. तो शोक भाषेने दुसरीकडे सांभाळून ठेवला. १७६१ च्या जानेवारीत पानिपतावर जे घडले, त्याची बातमी सांकेतिक शब्दांत दक्षिणेत आली असे आपण शाळेत शिकतो. त्या हिशेबात थोर माणसे मोती होती, सरदार मोहरा होते आणि साधा शिपाई होता खुर्दा, ज्याची गणतीच लागली नाही. आजही एखाद्याचा धुव्वा उडाला की त्याचे ‘पानिपत झाले’ असे आपण म्हणतो, आणि फसवला गेलेला माणूस ‘विश्वास पानिपतात गेला’ म्हणून सुस्कारा टाकतो. गाण्याने जे रडणे टाळले, ते बोलण्याने अडीचशे वर्षे जपले.

युद्धाविरुद्धच्या गाण्याचे काम मला या खुर्द्यापाशी सुरू होताना दिसते. ज्याची गणती झाली नाही, त्याला नाव देणे हे ते काम.

डफ तिकडे वळायला वेळ लागला. १८६९ मध्ये जोतीराव फुल्यांनी शिवाजीराजांवर पवाडा रचला आणि राजाला कुळवाड्यांचा राजा म्हणून उभे केले. वाद्य तेच राहिले, ते वाजवणाऱ्याची बाजू बदलली. पुढे विसाव्या शतकात वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी तोच डफ हातात घेतला आणि १९४३ मध्ये ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ लिहिला. मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या माणसाने व्होल्गाकाठच्या शहराचा वेढा मराठीत गायला. अण्णा भाऊ युद्धविरोधी होते, असे सरसकट म्हणता येणार नाही. हिटलरच्या रणगाड्यांपुढे घर राखणाऱ्यांची बाजू त्यांनी उघड घेतली होती. पण त्याच काळात ते बंगालच्या दुष्काळावरही लिहीत होते. बंगालात १९४३ मध्ये बॉम्ब फार थोडे पडले आणि माणसे लाखांनी मेली. ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ थांबला, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने होड्या काढून घेतल्या, धान्य लष्कराकडे आणि साठेबाजांकडे गेले. युद्ध रणभूमीपेक्षा चुलीत जास्त माणसे मारते, हे ज्या गाण्यांनी त्या वेळी लोकांपुढे मांडले, त्यांच्या तोडीचे युद्धविरोधी गाणे भारतात दुसरे नाही. ती भुकेची गाणी होती, म्हणून आपण त्यांना त्या नावाने ओळखले नाही.

अण्णा भाऊ, अमर शेख आणि गव्हाणकर यांचे लाल बावटा कलापथक १९४४ पासून गिरणगावात आणि खेड्यापाड्यांत गात होते. बार्शीचे अमर शेख आधी मोटारीवर क्लीनर होते, मग गिरणीत कामगार. गाण्याचा वारसा त्यांना आई मुनेरबीकडून मिळाला. त्यांचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय मैदान भरून टाकी, असे ऐकणारे सांगत. याच अमर शेखांनी १९६२ मध्ये चीनचे आक्रमण झाले तेव्हा जवानांच्या पाठीशी उभे राहण्यासाठी गावोगाव कार्यक्रम केले. यात विसंगती शोधणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला त्यात शाहिराची खरी कोंडी दिसते. घरावर चालून आले तर घर राखायचे आणि तरीही राखणदाराच्या आईचे दुःख विसरायचे नाही, या दोन्ही गोष्टी एकाच गळ्यातून निघाव्या लागतात. ज्याला यातली एकच जमते, त्याच्याकडून एक तर आरोळी निघते, नाही तर उपदेश. गाणे निघत नाही.

या पिढीचे जे गाणे सर्वांच्या ओठांवर राहिले, ते पाहा. ‘माझी मैना गावावर राहिली’. पोट भरायला मुंबईला आलेला एक माणूस, मागे गावात राहिलेली त्याची बायको, आणि तिची आठवण. गाणे बराच वेळ फक्त तिच्याविषयी बोलते. मग त्या विरहातूनच संयुक्त महाराष्ट्राचा लढा उभा राहतो. राज्याबाहेर राहिलेले बेळगाव, कारवार आणि आमच्या पालघरला लागून असलेले उंबरगावही त्या मैनेसारखेच दूर राहिल्याची सल त्यात येते. घोषणा शत्रूचे नाव घेते, गाणे हरवलेल्या माणसाचे. म्हणून घोषणा मोर्चाबरोबर विरते आणि गाणे घरी येते.

जगातले दाखलेही हेच सांगतात. अमेरिकेत व्हिएतनामचे युद्ध पेटलेले असताना पीट सीगर या गायकाने १९६७ मध्ये ‘वेस्ट डीप इन द बिग मडी’ हे गाणे दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमासाठी गायले. गाण्यात व्हिएतनामचा उल्लेखही नाही. १९४२ मधली सैनिकांची एक तुकडी, चिखलाची नदी, आणि पाणी चढत असताना पुढेच चला म्हणणारा कप्तान, एवढेच त्यात आहे. वाहिनीने ते गाणे कापले. लोकांनी ओरड केली, तेव्हा पुढच्या वर्षी सीगरना ते पुन्हा गाऊ दिले गेले. ज्या गाण्यात कोणाचेच नाव नव्हते, त्यात सत्तेने स्वतःचे नाव ओळखले होते.

मात्र ज्या गाण्यापाशी मला वसईचा माणूस म्हणून थांबावेसे वाटते, ते जपानचे आहे. वसईत गोन्सालो गार्सिया हे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. त्यांच्या नावाचे कॉलेज आहे, गासला त्यांचे चर्च आहे. वसईत जन्मलेला, जपानी बोली शिकून तिथे दुभाषा झालेला हा फ्रान्सिस्कन बंधू ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह क्रुसावर मारला गेला. भारतात जन्मलेला पहिला संत तो हाच. त्यानंतर नागासाकीच्या ख्रिस्ती लोकांनी अडीचशे वर्षे लपूनछपून श्रद्धा जपली आणि पुढे उराकामी या वस्तीत मोठे चर्च बांधले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी अणुबॉम्ब फुटला तो याच वस्तीवर. चर्चच्या बारा हजार लोकांपैकी सुमारे साडेआठ हजार गेले. चर्चच्या दोन घंटांपैकी एक फुटली. दुसरी ढिगाऱ्यातून शाबूत निघाली आणि त्याच वर्षी नाताळच्या पूर्वसंध्येला लोकांनी ती तिकाटीला टांगून वाजवली.

ताकाशी नागाई या डॉक्टरने, ज्याची पत्नी त्या बॉम्बने गेली होती, या घंटेच्या नावाने पुस्तक लिहिले. जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन प्रशासनाने ते अडवून ठेवले आणि जपानी सैन्याच्या मनिलातल्या अत्याचारांचे वर्णन जोडायला लावून १९४९ मध्ये येऊ दिले. त्याच वर्षी त्यावर गाणे निघाले, ‘नागासाकी नो काने’, म्हणजे नागासाकीची घंटा. त्यात अणुबॉम्ब हा शब्द नाही. गेलेली पत्नी आहे, मागे राहिलेला नवरा आहे आणि घंटा आहे. आपल्या मैनेसारखेच. त्याला चाल दिली युजी कोसेकी यांनी. याच कोसेकींनी १९३७ पासून जपानी सैन्यासाठी गाणी रचली होती आणि ती गात कित्येक तरुण आघाडीवर गेले होते. त्याच हाताने पुढे ही चाल लिहिली. डफाने बाजू बदलली, घंटेने देव बदलला, तशी कोसेकींच्या सुरांनी वाट बदलली. वाद्याला कायमची बाजू नसते, हे मला या तिन्हींतून पटले. ती दर पिढीला नव्याने निवडावी लागते.

फुटलेल्या घंटेच्या जागी नवी घंटा बसवण्यासाठी अलीकडे अमेरिकेतल्या कॅथलिक लोकांनी पैसे जमवले. पुढाकार घेणाऱ्या प्राध्यापकाचे आजोबा बॉम्ब बनवणाऱ्या प्रकल्पावर डॉक्टर होते. ९ ऑगस्ट २०२५ रोजी, ऐंशी वर्षांनी, दोन्ही घंटा एकत्र वाजल्या. ज्यांच्या देशाने एक घंटा फोडली, त्यांनीच ती परत दिली.

नागासाकीत अकरा वाजून दोन मिनिटे होतात तेव्हा वसईत सकाळचे सात बत्तीस झालेले असतात. विरार लोकलच्या दारात माणूस लोंबकळत असतो, होळी या भागातल्या बाजारात भाजीच्या पाट्या उतरत असतात, मुले शाळेच्या रांगेत उभी असतात. ९ ऑगस्ट हा आपला क्रांतिदिन आहे. जागतिक आदिवासी दिनही त्याच तारखेला असतो आणि आपल्या जिल्ह्यात त्या दिवशी तारपा घुमतो. हे दोन्ही सूर आपलेच आहेत. त्यांत आणखी एक सूर मिसळावा, एवढीच माझी वसईकरांना विनंती आहे. ज्या गावाने आपला एक मुलगा नागासाकीला दिला आणि ज्या गावाच्या घंटा युद्धात गेल्या, त्या गावाने येत्या ९ ऑगस्टला सात बत्तीसला एक घंटा वाजवावी. चर्चची वाजवा, देवळाची वाजवा, शाळेची वाजवा. कोणत्याही हिशेबात ज्यांची गणती झाली नाही, त्यांच्यासाठी एक मिनिट पुरेल.